मुळ्याच्या बियांवर झिंक ऑक्साइड नॅनोकणांची चाचणी: परिणाम कणांचा की जस्ताचा?

पेट्री डिशमध्ये बिया, त्यावर नॅनोकणांचं पाणी आणि पाच दिवसांनी मुळांची लांबी. प्रयोग सोपा वाटतो. मुळं खुंटली की ‘कण विषारी’, वाढली की ‘नॅनोखत गुणकारी’ असं लिहून मोकळं होता येतं. पण झिंक ऑक्साइड पाण्यात थोडं विरघळतं आणि त्यातून जस्ताचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात. दिसलेला परिणाम कणांचा की या विरघळलेल्या जस्ताचा, हे कळावं अशीच मांडणी सुरुवातीपासून हवी.

त्यासाठी चार गट लागतात: नुसतं डिस्टिल्ड वॉटर, नॅनो झिंक ऑक्साइड, साधं (मोठ्या कणांचं) झिंक ऑक्साइड आणि झिंक सल्फेट, ज्यातलं जस्त पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. झिंक सल्फेटचा गट वगळला तर बाकीची मेहनत जवळजवळ वाया जाते.

द्रावणं

१०० मिलिग्रॅम नॅनो झिंक ऑक्साइड १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये घेतलं की लिटरला १००० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण होतं. साध्या ऑक्साइडचंही तसंच करा. झिंक ऑक्साइडमध्ये वजनाच्या ८०.३ टक्के जस्त असतं, सात रेणू पाणी असलेल्या झिंक सल्फेटमध्ये २२.७ टक्के. म्हणून तितकंच जस्त मिळायला १०० मिलीमध्ये ३५३ मिलिग्रॅम सल्फेट घ्यावं लागतं. १०० मिलिग्रॅमला १०० मिलिग्रॅम अशी तुलना करणं ही इथली नेहमीची चूक.

भुकटी तोलताना पंखा बंद ठेवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, शक्य असेल तर फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) तोला. सांडलेली भुकटी झाडू नका, ओल्या कागदाने टिपा.

ऑक्साइडची दोन्ही द्रावणं बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ३० मिनिटं ठेवा. टाकीतलं पाणी तापू लागलं तर बर्फ घाला. मग तिन्हींच्या मूळ द्रावणाचे १, ५, १० आणि ५० मिली घेऊन प्रत्येकी १०० मिलीपर्यंत पाणी घाला: लिटरला १०, ५०, १०० आणि ५०० मिलिग्रॅम ऑक्साइड, सल्फेटच्या बाबतीत तेवढंच जस्त. प्रत्येक वेळी पिपेट बुडवण्याआधी बाटली जोरात हलवा. कण काही मिनिटांतच खाली बसू लागतात; मग शेवटच्या डिशला वरचं निवळ पाणीच मिळतं आणि ‘जास्त मात्रेचा परिणाम नाही’ असा खोटा निकाल येतो. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. प्रत्येक द्रावणाचा सामू (पीएच) नोंदवा, कारण आम्लात झिंक ऑक्साइड कितीतरी जास्त विरघळतं.

डबीवर ३० नॅनोमीटर लिहिलेलं असलं तरी तो सुट्या कणाचा आकार. पाण्यात त्यांचे शेकडो नॅनोमीटरचे पुंजके होतात. डीएलएस यंत्राची (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या) सोय असेल तर पाण्यातला आकारही मोजा.

बिया आणि डिश

मुळा निवडण्याचं कारण असं, की २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नॅनो झिंक ऑक्साइडने मुळ्याच्या मुळांची वाढ लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅमला निम्म्यावर आली होती. वरच्या मात्रा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पडतात. त्याच प्रयोगात उगवणीवर मात्र फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे नुसती उगवण मोजून थांबू नका. मूळ अधिक संवेदनशील असतं.

बुरशीनाशक लावलेलं रंगीत बियाणं टाळा. बिया १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं ठेवून पाच वेळा धुवा. क्लोरीन राहिलं तर त्यानेही मुळं आखूडतात. ९० मिलिमीटरच्या डिशमध्ये एक फिल्टर पेपर, त्यावर ५ मिली द्रावण, मग एकमेकींपासून सेंटिमीटरभर अंतरावर १५ बिया. डिश पॅराफिल्मने (ताणता येणाऱ्या मेणाच्या पट्टीने) बंद करून २५ अंश सेल्सिअसला अंधारात पाच दिवस ठेवा. अंधार आवश्यक आहे, कारण अतिनील प्रकाशात झिंक ऑक्साइड क्रियाशील ऑक्सिजन तयार करतं आणि तो तिसराच परिणाम मध्ये घुसतो.

तिन्ही पदार्थांच्या प्रत्येक मात्रेच्या चार डिश आणि नुसत्या पाण्याच्या चार, म्हणजे एकूण ५२. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. झाकणावर नाव न घालता फक्त क्रमांक घाला, म्हणजे मोजणाऱ्याचा कल आकड्यांत उतरत नाही.

मोजणी

साध्या पाण्यातली उगवण ८५ टक्क्यांहून कमी असेल तर पूर्ण प्रयोग बाद करा. मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथपासून टोकापर्यंत लांबी मोजा. पाण्यातली सरासरी ४० मिलिमीटर आणि एखाद्या मात्रेची २२ असेल तर सापेक्ष लांबी ५५ टक्के.

संख्याशास्त्रात एकक डिश आहे, बी नव्हे. चार डिशमधल्या ६० बिया म्हणजे ६० स्वतंत्र नोंदी नाहीत; प्रत्येक डिशची सरासरी काढा आणि चार आकडे वापरा. ६० धरले की किरकोळ फरकही ‘लक्षणीय’ दिसतो.

मग मुख्य तुलना. पाचव्या दिवशी नॅनोच्या डिशमधलं पाणी गोळा करून विरघळलेलं जस्त एएएसवर (प्रकाश शोषणावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. इथे ०.२२ मायक्रॉनची गाळणी पुरत नाही: ती २२० नॅनोमीटरची, ३० नॅनोमीटरचे कण त्यातून सहज जातात. ३ किलोडाल्टनची अल्ट्राफिल्ट्रेशन नळी हवी, म्हणजे आयन जाऊ देणारी पण कण अडवणारी अतिसूक्ष्म गाळणी. झिंक सल्फेटच्या डिशमधलं जस्त आणि मुळांची लांबी यांचा आलेख काढा, मिळालेलं जस्त त्यावर शोधा आणि तेवढ्या जस्ताला मूळ किती वाढतं ते पाहा. नॅनोच्या डिशमधली मुळं त्याहून स्पष्टपणे आखूड असतील, तरच जास्तीचा परिणाम कणांकडे बोट दाखवतो. तेव्हाही मुळातून पाझरणारी आम्लं पृष्ठभागावरच्या कणांना जागीच विरघळवतात, हे लक्षात घेऊन निष्कर्ष बेताने लिहा. साध्या ऑक्साइडचा परिणाम नॅनोएवढाच असेल, तर आकाराचा मुद्दा तिथेच निकाली निघतो. कमी मात्रेला मुळं वाढलेली दिसली तरी हीच तुलना करा. जस्त हे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे आणि तेवढ्याने वाढ होऊ शकते.

उरलेली द्रावणं, कागद, रोपं बेसिनमध्ये टाकू नका. जस्त जलचरांना घातक आहे; चिठ्ठी लावलेल्या बंद डब्यात रासायनिक कचरा म्हणून द्या.

लिटरला ५० मिलिग्रॅम हा आकडा एकरी मात्रेत बदलू नका. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत सामू ८ च्या आसपास असतो. तिथे झिंक ऑक्साइड कमी विरघळतं आणि जस्त मातीला धरून राहतं. शेताबद्दल काही म्हणायचं असेल तर हेच चार गट त्याच मातीच्या कुंड्यांत पुन्हा लावावे लागतात.