अंबाझरीचे धुके राखाडी येऊ नये म्हणून

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत सकाळी अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर धुके उतरते, तेव्हा छायाचित्रणाचे विद्यार्थी उत्साहाने कॅमेरा घेऊन जातात आणि परतल्यावर छायाचित्रे मळकट दिसतात म्हणून लेन्सला दोष देतात. दोष बहुधा लेन्सचा नसतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरत असल्यामुळे, पांढरेशुभ्र धुके चौकटभर पसरलेले असले की तो प्रकाश कमी करतो आणि धुके राखाडी उमटते. यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) +0.7 ते +1 ठेवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातील गडद ते उजळ छटांचा आलेख, उजव्या (उजळ) कडेला कापला जात नाही ना, एवढे पाहावे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातील सोय, ‘ऑटो’वर ठेवल्यास पहाटेची निळसर झाक पुष्कळदा पुसली जाते, आणि त्या वेळेचे वातावरण तर त्या झाकेतच असते, म्हणून तो सुमारे 5500 केल्विनवर स्थिर ठेवावा. रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) टिपल्यास नंतर बदल करता येतोच.

जानेवारीच्या आरंभी येथे सूर्योदय साधारण 6:50 च्या सुमारास होतो, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचावे. अंबाझरीच्या बांधावरून पाणी पश्चिमेला असल्याने सकाळी सूर्य पाठीशी येतो. धुक्याची खोली मात्र आडव्या किंवा समोरून येणाऱ्या प्रकाशात खुलते, त्यामुळे बांधाच्या टोकाकडे सरकून, जवळचे एखादे काळसर झाड चौकटीत घेऊन पाहावे.