संशोधकांचा अभ्यासगट चालवताय? या चुका टाळा

गुणात्मक (मुलाखती, निरीक्षणं यांवर आधारलेल्या) आणि मिश्र (आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणाऱ्या) पद्धतींनी संशोधन करणाऱ्यांचा अभ्यासगट सुरू करणं तसं सोपं असतं. पाच-सहा जण जमतात, पंधरा दिवसांनी भेटायचं ठरतं, पहिल्या काही बैठका उत्साहात होतात. मग गळती लागते. कारण विचारलं तर सगळे ‘वेळ मिळत नाही’ म्हणतात. मला ते पटत नाही. बैठकीतून उठताना स्वतःच्या कामासाठी हाती काही लागलं असेल, तर माणूस वेळ काढतोच. हाती काही लागत नाही, कारण गटात कच्चं काम येतच नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

गटाचा व्याख्यानवर्ग होऊ देणं

दर वेळी एक जण स्लाइड्स करून आणतो. एकदा ग्राउंडेड थिअरी, एकदा फेनॉमेनॉलॉजी, एकदा केस स्टडी, अशी एकेका संशोधनपद्धतीची ओळख. बाकीचे माना डोलावतात आणि निघतात. ही माहिती पुस्तकात मिळते, एकट्याने वाचता येते. मुलाखतीचा एकच उतारा दोघांना इतका वेगळा का दिसला, हे मात्र एकट्याला कळत नाही. त्यासाठीच तर गट हवा.

म्हणून बैठकीचा निम्मा वेळ तरी कच्च्या कामाला द्या. ट्रान्सक्रिप्टची (मुलाखत शब्दशः लिहून काढलेली) दोन-तीन पानं, प्रश्नावलीचा मसुदा, अर्धवट कोडबुक (कोड म्हणजे उताऱ्यातल्या मुद्द्याला दिलेलं छोटं नाव, कोडबुक म्हणजे अशा कोडांची अर्थासह यादी), नीट न जमलेली मुलाखत, काहीही चालेल. पानं आधी मेलवर पाठवू नका, निम्मे लोक वाचून येत नाहीत. बैठकीतच वाटा, सगळ्यांनी पंधरा मिनिटं गप्प बसून ओळीओळीने वाचावं आणि समासात पेन्सिलीने कोड लिहावेत. ज्याचं काम आहे त्याने या वेळात संदर्भ समजावत बसायचं नाही. ‘तिला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य एकदा आलं की बाकीच्यांना तेवढंच दिसतं.

समजा, उताऱ्यात रुग्ण म्हणते, ‘डॉक्टर चांगले आहेत. पण मी काही विचारत नाही.’ एकाने कोड लिहिला ‘डॉक्टरांवर विश्वास’. दुसऱ्याने ‘भीती’. तिसरीने ‘घाई, वेळ नसणं’. इथं बरेच गट मतदान घेतल्यासारखं करतात आणि पुढं सरकतात. तसं करू नका. त्या ‘पण’वर थांबा. ‘चांगले’ असण्याचा आणि ‘न विचारण्याचा’ संबंध रुग्णाने स्वतः जोडलाय की आपण जोडतोय? मूळ ऑडिओ ऐका. दोन वाक्यांमध्ये ती थांबली होती का, की मुलाखतकाराने मध्येच ‘हं, बरोबर’ म्हटलं होतं आणि ते ट्रान्सक्रिप्टमध्ये उतरलंच नाही? आणि मुलाखत झाली कुठं? दवाखान्याच्या बाकावर झाली असेल, तर ‘चांगले आहेत’ या शब्दांचं वजन बदलतं. एवढ्या एका ओळीवर अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागला समजा. त्या अर्ध्या तासात मुलाखत घेण्याची, लिहून काढण्याची आणि विश्लेषणाची, तिन्हींची शिकवणी होते.

कच्चं काम आणताना परवानगी गृहीत धरणं

ही चूक सर्वांत महागात पडते. सहभागी व्यक्तीने संमती दिली ती तुमच्या संशोधनासाठी. तिचं बोलणं तुमच्या मित्रमंडळींपुढे वाचायला दिलेली ती परवानगी नव्हे. संमतीपत्रात आणि एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला) दिलेल्या प्रस्तावात, ‘विश्लेषणासाठी निनावी उतारे सहकारी संशोधकांना दाखवले जातील’ अशी ओळ आहे का ते आधी बघा. नसेल तर कमिटीला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत प्रश्नावली किंवा कोडबुकावर काम करा.

नाव काढलं म्हणजे उतारा निनावी झाला, असंही नाही. हुद्दा, वय, आजार आणि ठिकाण एकत्र आलं की त्या क्षेत्रातला माणूस चटकन ओळखतो, आणि गटात नेमके त्याच क्षेत्रातले लोक असतात. वाटलेली पानं बैठक संपताच परत घ्या. उतारे व्हॉट्सॲपवर टाकू नका. फुकटात ट्रान्सक्रिप्ट करून देणाऱ्या ऑनलाइन साधनांवर ऑडिओ चढवण्याआधी तो कुठं साठवला जातो ते तपासा.

एकमत झालं म्हणजे विश्लेषण पक्कं, असं मानणं

दोघांनी वेगवेगळं कोडिंग केलं, कोहेनचा कप्पा (दोघांचे कोड किती जुळले ते सांगणारा आकडा) काढला, आकडा चांगला आला, गट खूश. हा कप्पा 1960 सालचा आहे आणि त्याची जागा आहे. ठरलेलं कोडबुक असेल, डेटा मोठा असेल आणि कोडिंग अनेकांत वाटून द्यायचं असेल, तर सगळे एकाच अर्थाने कोड वापरतात का, हे तपासायलाच हवं. पण ब्रॉन आणि क्लार्क यांच्या रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक ॲनालिसिसमध्ये, म्हणजे डेटातून अर्थाची सूत्रं शोधण्याच्या पद्धतीत, संशोधकाची नजर हेच विश्लेषणाचं साधन असतं. तिथं असा आकडा बसत नाही, असं त्या दोघी स्वतःच सांगतात. तरीही त्यांच्या 2006 च्या लेखाचा संदर्भ आणि कप्पाचा आकडा एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी दिसतात.

गटात कुणी असा मसुदा आणला तर लगेच आकड्यावर जाऊ नका. ‘तू कोणत्या परंपरेत काम करतोयस?’ हे आधी विचारा. उत्तर अडखळत आलं, तर त्या दिवसाचा विषय मिळाला.

‘किती मुलाखती पुरे?’ याचं उत्तर आकड्यात देणं

नवीन सभासदाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि कुणीतरी ‘बारा’ म्हणून मोकळं होतं. हा बारा आला कुठून तेही सांगायला हवं. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी 2006 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या 60 मुलाखती तपासल्या. पहिल्या 12 मुलाखतींतच बहुतेक कोड येऊन गेले होते. पण सहभागी स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या, आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. तुमचे सहभागी वेगवेगळ्या परिस्थितीतले असतील, प्रश्न मोकळे असतील, तर तो बारा तुमच्या कामाचा नाही. पुढं 2017 मध्ये हेनिंक, कायझर आणि मार्कोनी यांना त्यांच्या 25 मुलाखतींत नवे कोड नवव्या मुलाखतीपर्यंत थांबल्याचं दिसलं, पण त्या कोडांचा अर्थ नीट उमगायला 16 ते 24 मुलाखती लागल्या. मुद्दा कानावर येणं आणि तो सगळ्या बाजूंनी समजणं यात इतकं अंतर असतं.

ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये सॅच्युरेशनची, म्हणजे नव्या डेटातून नवं काही हाती न लागण्याच्या टप्प्याची, कल्पना मांडली, ती डेटा गोळा करणं आणि विश्लेषण हातात हात घालून चालतं असं धरून. सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसलेल्याने ‘सॅच्युरेशन झालं’ असं लिहिलं, तर ते कधी आणि कसं कळलं, हे गटाने विचारलंच पाहिजे. परीक्षक विचारण्याआधी मित्रांनी विचारलेलं बरं.

मिश्र पद्धतीत दोन चुली मांडणं

गटात सर्वेवाले आणि मुलाखतवाले असे दोन तट पडतात. तक्ते आले की एक बाजू गप्प, उतारे आले की दुसरी. प्रबंधातही तेच उतरतं. चौथ्या प्रकरणात टक्केवारी, पाचव्यात अवतरणं, आणि दोन्ही एकत्र येतात ते फक्त ‘चर्चा’ या प्रकरणातल्या एका परिच्छेदात.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे रिकामा तक्ता. डेटा गोळा करायच्या आधीच तीन रकाने आखा. सर्वेतून काय कळेल, मुलाखतींतून काय कळेल, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय कळेल. याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात. फेटर्स, करी आणि क्रेसवेल यांच्या 2013 च्या लेखात तो नीट मांडला आहे. तिसरा रकाना कुणालाच भरता येत नसेल, तर दोन पद्धती कशाला घेतल्या, हा प्रश्न तेव्हाच सोडवा. आधी सर्वे आणि मग मुलाखती अशी रचना असेल, तर सर्वेतल्या कोणत्या लोकांना मुलाखतीसाठी निवडणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर जो फोन उचलतो त्याची मुलाखत होते.

दोन्हींचे निष्कर्ष जुळले नाहीत तर घाबरून एक बाजू दाबू नका. सर्वेत बहुतेकांनी ‘समाधानी’वर खूण केली आणि मुलाखतींत तक्रारींचा पाढा निघाला, असं होतंच. फॉर्म कुणी भरून घेतला, समोर कोण उभं होतं, ‘समाधानी’ म्हणताना माणूस कशाशी तुलना करत होता, हे शोधा. बरेचदा अख्ख्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग या विसंगतीतच सापडतो.

काही छोट्या गोष्टी

एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए किंवा ॲटलास टीआय ही कोडिंगची सॉफ्टवेअर शिकण्यात चार-चार बैठका घालवू नका. कोड ठरवायचं काम आपलंच असतं, सॉफ्टवेअर ते नीट ठेवायला मदत करतं. 2007 ची 32 मुद्द्यांची कोरेक यादी (गुणात्मक अभ्यासाच्या लेखात काय काय नोंदवावं याची) लेख पाठवण्याआधी तपासायला उत्तम, पण ती पुढ्यात ठेवून अभ्यास आखू नका. गटात कुणाचे गाइड किंवा वरिष्ठ असतील, तर त्यांनी सर्वांत शेवटी बोलावं. सर आधी बोलले की नवखा आपला कोड हळूच खोडतो.

गट आधीच थंडावला असेल तर

सगळ्यांना परत गोळा करायच्या मागे लागू नका. तिघं उरले असतील तर तिघांचाच चालवा. दोघंही पुरतात, कारण एकाचं वाचन दुसऱ्याने अडवलं तरी निम्मं काम होतं. ज्याच्या पानांवर चर्चा झाली त्याने त्याच रात्री आठ-दहा ओळींचा मेमो लिहावा. कोणता कोड बदलला, का बदलला, कुणाचं म्हणणं पटलं नाही आणि का. लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये ज्या ऑडिट ट्रेलचा, म्हणजे संशोधनातले निर्णय कसे झाले याच्या नोंदीचा, आग्रह धरला, तो अशा मेमोंतूनच तयार होतो. प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा तो हाताशी असतो. आणि पुढच्या वेळी कुणाची पानं, हे आज उठायच्या आधी ठरवा, तारखेसकट.