कादंबरीचा सिनेमा करून बघायचाय? आधी चारच पानं घ्या

पुस्तक लय भारी होतं, पिक्चरमध्ये पार वाट लावली. मे महिन्याच्या सुट्टीत हे वाक्य मी आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी भाचीला म्हटलं, बरं बाई, मग तू करून दाखव. भाची नववीत, तिच्याबरोबर सोसायटीतली अजून चार टाळकी, सगळी हॅरी पॉटर आणि हंगर गेम्सवाली, त्यातला एक जण तर पीव्ज नावाचं भूत एकाही सिनेमात घेतलं नाही म्हणून अजून चिडलेला, शेवटचा सिनेमा आला २०११ ला, तेव्हा हा पठ्ठ्या फार फार तर पाळण्यात असेल, पण राग ताजा.

तर या पाच जणांना घेऊन तीन आठवडे जे काय केलं ते लिहितेय. तुमच्याकडे पण अशी वाचणारी आणि वाचून भांडणारी मुलं असतील तर करून बघा. सामान काही लागत नाही, एक जाड वही, दोन रंगांचे हायलायटर, एक बरा मोबाईल आणि रोज संध्याकाळी वडापाव. वडापावचा खर्च धरून चाला, तोच जास्त होतो.

सगळ्यात आधी, आख्खी कादंबरी घ्यायची नाही. चार पानं घ्यायची. मुलांना हे पटत नाही, त्यांच्या डोक्यात ट्रेलर आणि पोस्टरपासून सगळं तयार असतं, म्हणून आधी घड्याळ लावून एक पान मोठ्याने वाचायला सांगा. आमच्याकडे एका पानाला साधारण दोन मिनिटं लागली. म्हणजे तीनशे पानांची कादंबरी वाचायला दहा तास. आणि सिनेमा किती, दोन-सव्वादोन तास. पटकथा लिहिणारे ढोबळ हिशोब असा करतात की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, म्हणजे दोन तासाला एकशेवीस पानं झाली, आणि त्या पानांवर अर्धी जागा तर मोकळीच असते. मग सांगा, आठ तासांचं काय करायचं? कोणीही करा, ते कुठेतरी जाणारच. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांचे आठ सिनेमे केले, शेवटचं पुस्तक दोन भागांत केलं, तरी पीव्ज बसला नाही. हे ऐकल्यावर आमचा तो मुलगा पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला तरी घ्यायला पाहिजे होता. असो.

आता चार पानं कुठली. मुलं हमखास मारामारीचं, पाठलागाचं प्रकरण काढतात. ते घेऊ नका. ते लेखकाने आधीच डोळ्यासमोर उभं केलेलं असतं, त्यात शिकायला काही राहत नाही. जिथे बाहेर फारसं काही घडत नाहीये पण त्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यात नुसता कल्ला चाललाय, ती पानं शोधा. किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्यांत अशी पानं भरपूर असतात, कारण त्या बऱ्याचदा 'मी'च्या तोंडून सांगितलेल्या असतात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी घ्या, नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतोय, १९७५ ची आणीबाणी चालू आहे, आणि याचं सगळं लक्ष वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीकडे. पुस्तकातली अर्धी मजा तर तो मनातल्या मनात काय बोलतो यातच आहे. पुस्तकं कुठून आणायची विचाराल तर स्टेशनजवळचं आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे की, १८९३ पासून आहे. भाचीला तिथे पहिल्यांदा नेलं तर म्हणते मावशी, इथे शूटिंग काय भारी होईल. म्हटलं आधी वाच.

मग हायलायटर. पानाची झेरॉक्स काढा, लायब्ररीच्या पुस्तकावर रेघोट्या मारू नका प्लीज. पिवळा रंग म्हणजे जे कॅमेऱ्याला दिसतं किंवा माईकला ऐकू येतं. गुलाबी म्हणजे जे फक्त डोक्यात आहे, वाटलं, आठवलं, कळलं, भीती वाटली, हे सगळं. नियम कडक ठेवा. 'तो रागाने निघून गेला' यातलं 'निघून गेला' पिवळं आणि 'रागाने' गुलाबी, कारण राग कसा दिसतो ते अजून कोणी ठरवलेलंच नाहीये, दार आपटलं का चप्पल उलटी घातली का नुसताच गेला. यावर आमच्याकडे अर्धा तास भांडण झालं आणि माझ्या मते सगळ्या उद्योगातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता. शाळाची चार पानं रंगवून झाली तेव्हा झेरॉक्स जवळजवळ गुलाबीच झालेली. सगळे बघतच राहिले, आता दाखवायचं काय?

इथून खरं काम सुरू होतं, त्यामुळे इथे वेळ घालवा.

गुलाबी वाक्याचं काय काय करता येतं ते बघू. मुलांचा आवडता उपाय म्हणजे मागून आवाज द्यायचा, मुकुंदच्या आवाजात सगळं वाचून टाकायचं. ते चालतं, पण मग ते रेडिओवरचं वाचन होतं. मी अट घातली की चार पानांत असा आवाज फक्त दोन वाक्यं. दोनच वाचवायची म्हटल्यावर कुठली वाचवायची यावरून पुन्हा भांडण, आणि ज्याच्यावर भांडण होतं ते वाक्य बहुतेक वेळा खरंच महत्त्वाचं निघतं. दुसरं म्हणजे ते कोणाला तरी बोलून दाखवायचं, मित्राला, बहिणीला. यात धोका असा की माणसं एकमेकांना माहीत असलेलंच सांगत बसतात, मालिकेत सांगतात ना, तू माझा सख्खा मोठा भाऊ आहेस, तसं. तिसरं म्हणजे ती भावना एखाद्या वस्तूवर किंवा कृतीवर टाकायची, ते सगळ्यात अवघड आणि जमलं तर सगळ्यात भारी. आणि एक राहतं, सरळ सोडून द्यायचं. बरीच वाक्यं सोडली तरी काही बिघडत नाही, हे मुलांना पटायला मात्र आठवडा लागतो.

मोठ्या लोकांनी काय केलंय ते या टप्प्यावर सांगा, आधी नाही. हंगर गेम्सचं पुस्तक पूर्ण नायिकेच्या, म्हणजे बहिणीच्या जागी जीवघेण्या खेळात उतरलेल्या कॅटनिसच्या तोंडून आहे, तिला जे माहीत नाही ते आपल्यालाही माहीत नाही. २०१२ च्या सिनेमात मात्र तिला सोडून आपल्याला थेट कंट्रोल रूममध्ये नेलंय, खेळ चालवणारी माणसं बटणं दाबताना दिसतात. पुस्तकात ती जो अंदाज मनात करत बसते तो इथे डोळ्यांनी दिसतो. तिची ती पक्ष्याची पिन पुस्तकात मॅज नावाची मैत्रीण देते, सिनेमात मॅज नाहीच, पिन बाजारातल्या म्हातारीकडून मिळते आणि मग बहिणीच्या हातून फिरून परत तिच्याकडे येते. एक आख्खं पात्र गेलं, पण पिनचा धागा थेट बहिणीला जाऊन चिकटला, आणि सगळी गोष्ट तर बहिणीपायीच घडते ना. भाचीला मॅज गेल्याचं दुःख होतं, पण हे लक्षात आल्यावर म्हणाली, हां, हे बरोबर केलंय.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिल बेचारा. मूळ कादंबरी जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', २०१२ ची. त्यात मुलीला एका अर्धवट संपलेल्या कादंबरीचा शेवट काय ते जाणून घ्यायचं असतं आणि त्यासाठी लेखकाला भेटायला ॲमस्टरडॅमला जातात. २०२० च्या हिंदी सिनेमात गोष्ट जमशेदपूरला आली, ॲमस्टरडॅमचं पॅरिस झालं, आणि कादंबरीच्या जागी आलं एक अर्धवट राहिलेलं गाणं, लेखकाच्या जागी गायक. सिनेमा कसा वाटला ते सोडा, पण हा एक बदल बघा. पडद्यावर कोणी पुस्तक वाचत बसलं तर आपल्याला काय कळणार, गाणं मात्र मध्येच तुटलं की थेटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं.

वयाचा घोळ पण बोलून घ्या, कारण मुलं याच्यावर फार चिडतात. पर्सी जॅक्सन पुस्तकात बारा वर्षांचा आहे, २०१० च्या सिनेमात त्याला एकदम हायस्कूलचा घोडा केला, गोष्ट साधारण तीच ठेवली आणि पोराचं बिचकणंच गेलं. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचंही वय वाढवलं, २०१७ ला आदित्य सरपोतदारने सिनेमा केला त्यात अमेय वाघ म्हणजे शाळकरी पोरगा नाहीच, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. पण तिथे गोष्टच नवीन लिहिली आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपात भा. रा. नाच सिनेमात आणून बसवलं, म्हणजे आम्ही पुस्तकाची नक्कल करत नाहीये हे उघड सांगून टाकलं. मला ते आवडलं. आमच्या गँगमध्ये मतं तीन विरुद्ध दोन.

आता स्वतः लिहायचं. इथे एक भानगड आहे. पुस्तकावरून सिनेमा करायचा हक्क लेखकाचा असतो, आपल्या कायद्यात तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. घरात बसून वहीत लिहून बघायला कोणी येत नाही अडवायला, पण मुलं शूट करणार म्हणजे यूट्यूबवर टाकणारच, तेव्हा शूटिंगसाठी हक्क संपलेलं पुस्तक घ्या. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे श्यामची आई २०११ पासून सगळ्यांना मोकळी आहे. नाव काढल्यावर पाचही तोंडं वाकडी झाली. मी म्हटलं पोहण्याची रात्र वाचा फक्त. बेचाळीस रात्रींतली ती एक, पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते, आणि मग नंतरचं मायलेकांचं बोलणं. वाचून झाल्यावर कोणीच काही बोललं नाही. मग एकीने विचारलं, आजच्या आईने मारलेलं दाखवलं तर लोक काय म्हणतील? बघा, सुरू झालं रूपांतर.

लिहायची पद्धत सोपी ठेवा. प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत का बाहेर, जागा कुठली, दिवस का रात्र. खाली काय दिसतं ते चालू काळात, जातो, बघतो, थांबतो. मग ज्याचं बोलणं त्याचं नाव आणि वाक्य. बस. 'तिला खूप वाईट वाटतं' असं लिहिलं की मी वहीवर फक्त गुलाबी ठिपका द्यायचे.

विहीर कुठून आणणार वर्तकनगरात? पोरांनी गोष्ट आजच्या ठाण्यात आणली, श्यामच्या जागी सातवीतली मुलगी, विहिरीच्या जागी महापालिकेचा तरणतलाव. पण तिथे मोबाईल घेऊन शूटिंग करायला कोण देणार, आणि देऊही नये, बाकीची मुलं पोहत असतात. दोन दिवस सगळे रडकुंडीला आले. मग त्या पीव्जवाल्याने सुचवलं की पोहणं दाखवायचंच नाही. आधी मुलगी जिन्यात रेलिंग घट्ट धरून बसलीये, आई खालून हाक मारतेय. लगेच पुढच्या सीनमध्ये त्याच जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे वर जाताना, आणि गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल. आणि शेवटी आई काही न बोलता तेलाची वाटी घेऊन मागे बसते, केसांना तेल लावते. गुरुजींच्या पानावरचं मायलेकांचं बोलणं एकाही शब्दाशिवाय आलं. साडेतीन मिनिटांचा सीन, संवाद सगळे मिळून सहा.

शूटिंगचं थोडक्यात सांगते. मोबाईल आडवा धरा. झूम करू नका, पाय उचला आणि जवळ जा. चित्रापेक्षा आवाज जास्त त्रास देतो, आमच्याकडे तर रिक्षा, मेट्रोचं काम आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल असं त्रिकूट होतं, त्यामुळे दुसरा एक मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवा, नंतर जुळवताना ती टाळीच उपयोगी पडते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, जिन्यात पाणी कोणी सांडलं म्हणून जी सभा भरली ती आमच्या सिनेमापेक्षा लांब चालली.

आणि त्या पुस्तकावर आधीच झालेला सिनेमा सगळं झाल्यावरच बघा. आधी बघितला की मुलं त्याचीच कॉपी मारतात. आम्ही आमचं शूटिंग संपल्यावर अत्र्यांचा १९५३ चा श्यामची आई बघितला, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला, मग सुजय डहाकेचा २०२३ चा, आणि शेवटी त्याचाच शाळा, ज्याच्या पटकथेला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. यावेळी वाट लावली हे वाक्य एकदाच आलं, आणि त्याच्या मागे 'कारण' होतं, नीट पॉइंट देऊन. एक जण मध्येच पॉज करून ओरडला, हे बघ, हे पुस्तकात गुलाबी होतं!

आता दिवाळीच्या सुट्टीत फास्टर फेणे ठाण्यात आणायचा म्हणतायत, फक्त वहीत लिहायचा, शूट नाही, हक्काचं पटलंय त्यांना. लिहायचा असला तरी मी एक अट घातलीये, पाठलाग तलावपाळीला गोल गोल करा, येऊरच्या रस्त्याला करा, पण त्याला सायकल घेऊन घोडबंदर रोडवर घालायचं नाही, कितीही फास्टर असला तरी त्या ट्रॅफिकमध्ये तो सिनेमा संपेपर्यंत माजिवड्यालाच उभा राहील.