आखडलेला खांदा सोडवायचा कसा? फ्रोझन शोल्डरसाठी टप्प्याटप्प्याने फिजिओथेरपी

पाठीमागचा हूक लावता येत नाही, पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढताना जीव जातो, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडते. कुठे पडलं-झडलं नसताना, चाळिशी ते साठीच्या दरम्यान एका खांद्याचं असं हळूहळू होत गेलं असेल, तर तो बऱ्याचदा फ्रोझन शोल्डर असतो. बायकांमध्ये याचं प्रमाण थोडं जास्त आणि मधुमेहींमध्ये बरंच जास्त. एरवी शंभरात २ ते ५ जणांना होणारा हा त्रास मधुमेह असलेल्या शंभरातल्या १० ते २० जणांना होतो.

बहुतेकांचा खांदा शस्त्रक्रियेशिवाय सुटतो. मात्र त्याला वेळ लागतो, एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत, आणि या काळात कोणता व्यायाम कधी करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही यावर पुष्कळ काही ठरतं. व्यायाम न केल्यामुळे बिघडलेले खांदे असतात, तसे चुकीच्या महिन्यात जोर लावून बिघडवलेलेही असतात. दुसरे कमी नसतात.

आत काय झालंय ते आधी समजून घेऊ. खांद्याच्या सांध्याभोवती पातळ पण चिवट आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. काखेच्या बाजूला ते सैल असतं, त्याला घडी पडलेली असते. सदऱ्याच्या काखेत शिंपी कळी घालतो ती हात वर जावा म्हणून. ही घडीही त्याचसाठी असते. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं, आकसतं आणि घडी नाहीशी होते. हाड झिजलेलं नसतं, त्यामुळे एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. मग घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, एवढं काय दुखतंय?" दुखतंय ते आवरण साध्या एक्स-रेत दिसतच नाही.

पायरी १: हा फ्रोझन शोल्डरच आहे ना, ते बघा

खुर्चीत ताठ बसा. दुखऱ्या हाताचं कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा, अंगठा वर. कोपर जागचं न हलवता पंजा शरीरापासून बाहेरच्या बाजूला फिरवा. दुसऱ्या हाताने हेच करून बघा आणि दोन्हींतला फरक लक्षात घ्या. आता घरातल्या कुणाला तरी दुखऱ्या हाताचं मनगट धरून अगदी हळू आणखी बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेऊनही हात तिथेच अडत असेल, तर आवरण आकसल्याची ती खूण आहे. ही बाहेर फिरण्याची हालचाल सहसा सगळ्यात जास्त जाते. तुम्हाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला की सहज जातो, असं असेल तर दुखणं स्नायूंच्या कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचं, असू शकतं आणि त्याचे व्यायाम वेगळे असतात.

ही घरची चाचणी फक्त अंदाजापुरती. निदान हाडांच्या डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. आणि पुढच्यापैकी काही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा: पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप येऊन सांधा लाल-गरम होणं, हातात मुंग्या किंवा एकाएकी आलेला अशक्तपणा, वजन घटणं, खांद्याजवळ गाठ. खांदा किंवा हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं. तिथे शेकत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

याच भेटीत साखर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. मधुमेह आहे हे खांदा आखडल्यावर पहिल्यांदा कळलेले लोक आहेत. डॉक्टर म्हणाले तर थायरॉइडही.

पायरी २: तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात ते ठरवा

पहिला टप्पा दुखण्याचा. रात्रीचं ठणकणं, चुकून धक्का लागला की डोळ्यांत पाणी, आणि हालचाल महिन्यागणिक कमी होत जाणं. हा दोन ते नऊ महिने चालतो. दुसऱ्यात दुखणं ओसरतं पण खांदा लाकडासारखा घट्ट राहतो. चार महिने ते वर्षभर. तिसऱ्यात हळूहळू सैल पडायला लागतो, त्याला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. सीमारेषा इतक्या स्पष्ट नसतात, पण एक प्रश्न पुरतो: जास्त त्रास दुखण्याचा आहे की आखडण्याचा? रात्रीची झोप मोडत असेल तर पहिला टप्पा समजा.

पहिल्या टप्प्यात जोर लावायचा नाही. "दुखेल, पण सहन करा, नाहीतर हात कायमचा अडकेल" हा सल्ला घरोघरी मिळतो, काही दवाखान्यांतही मिळतो, आणि तो चुकीचा आहे. नेदरलँड्समधल्या ७७ रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना वेदनेच्या पलीकडे ताण देणारे जोरकस व्यायाम दिले आणि काहींना दुखण्याच्या आतले हलके. दोन वर्षांनी हलके व्यायाम करणाऱ्यांचे खांदे जास्त चांगले होते. हाडवैद्याकडून झटका देऊन घेणं तर कुठल्याच टप्प्यात नको. हाडं ठिसूळ झालेली असतील तर दंडाचं हाड मोडतं.

पायरी ३: पहिल्या टप्प्यातली रोजची कामं

आधी झोप सावरा. उताणं झोपताना दुखऱ्या हाताच्या कोपराखाली चादरीची जाड घडी ठेवा, म्हणजे दंड मागे लोंबकळत नाही. कुशीवर झोपायचं तर चांगल्या कुशीवर, आणि दुखरा हात पुढे उशीवर. कपडे घालताना बाही आधी दुखऱ्या हातात, काढताना दुखरा हात सगळ्यात शेवटी. पुढे हूक असलेले ब्लाउज काही महिने बरे पडतात. मांडणीवरचे रोजचे डबे खाली ओट्यावर आणा. बसमध्ये वरचा दांडा दुसऱ्या हाताने धरा. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नका, न हलवल्याने तो आणखी आकसतो.

व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून घ्या, किंवा अंघोळ झाल्या झाल्या व्यायाम करा. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर शेकण्याआधी दुसऱ्या कुणाला हात लावून गरमपणा बघायला सांगा.

मग झोक्याचा व्यायाम. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केलं, आणि हा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ओट्यावर किंवा टेबलावर चांगला हात टेकवा, कमरेतून पुढे वाका, दुखरा हात सरळ खाली सैल सोडा. आता शरीर हलकेच पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे डोलवा. त्या डोलण्याने हात आपोआप हलला पाहिजे. बहुतेक लोक इथेच चुकतात: खांद्याच्या स्नायूंनी हात गरगर फिरवतात आणि व्यायामाचा उपयोगच जातो. हात तुमच्या मालकीचाच नाही इतका सैल सोडा. प्रत्येक दिशेला दहा झोके, मग लहान गोल. कंबर धरत असेल किंवा वाकल्यावर चक्कर येत असेल तर पलंगावर उताणं पडून दुसरा प्रकार करा: चांगल्या हाताने दुखऱ्याचं मनगट धरून दोन्ही हात डोक्याच्या दिशेने न्या, दुखायला लागायच्या किंचित अलीकडे थांबा, परत या.

दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी पाच-सात मिनिटं. सकाळी एकदाच तासभर करून दिवस मोकळा करण्यात अर्थ नाही.

पायरी ४: दुखणं ओसरलं की ताण वाढवा

रात्रीची झोप नीट लागू लागली की आवरणाला ताण द्यायला सुरुवात करा.

काठीचा व्यायाम आधी, कारण सगळ्यात जास्त गेलेली, हात बाहेर फिरवण्याची हालचाल त्याने परत मिळवायची असते. उताणं झोपा, दुखऱ्या कोपराखाली टॉवेलची घडी, कोपर कमरेजवळ आणि काटकोनात. दोन्ही हातांत काठी आडवी धरा. लांब छत्रीही चालते. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या. ओढ लागली की तिथे २० ते ३० सेकंद थांबा, श्वास रोखू नका. चार-पाच वेळा.

भिंतीवर बोटं चालवणं सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक जण ते चुकीचं करतात. हात पूर्ण वर जाताना १८० अंशांतले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० अंश पाठीवरचा फरा सरकल्याने मिळतात. सांधा अडला की फरा जास्तीचं काम ओढून घेतो: खांदा कानाकडे चढतो, अंग मागे कलतं, बोटं भिंतीवर वर गेलेली दिसतात आणि सांधा आहे तिथेच राहतो. वर मान दुखायला लागते ती वेगळीच. म्हणून शक्य तर बाजूला आरसा ठेवा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, खांदा खाली ठेवून बोटं चढवा आणि खांदा उचलायला लागला त्या जागी थांबा. तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. घरमालकाची भिंत असेल तर चिकटपट्टी लावा. रोज बघू नका, पंधरा दिवसांनी नवी रेघ पुरे.

पंचाचा व्यायाम सगळ्यात शेवटी, कारण हात पाठीमागे नेणं सहसा सगळ्यात उशिरा परत येतं. चांगल्या हाताने पंचा खांद्यावरून पाठीवर सोडा, दुखऱ्या हाताने कमरेपाशी खालचं टोक धरा आणि वरच्या हाताने हळूहळू वर ओढा. ओढ हवी, कळ नको.

किती दुखू द्यायचं? शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंत चालेल. व्यायाम थांबवल्यावर तासाभरात ते आधीच्या पातळीवर यायला हवं. त्या रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी ताण निम्मा करा. व्यायाम बंद करू नका.

खांदा सैल पडू लागल्यावर ताकदीचे व्यायाम: कोपर काटकोनात ठेवून हाताचा पंजा भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर दाबून दहा सेकंद धरणं, नंतर रबरी पट्टी ओढणं. पट्टीचा रंग आणि जोर फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या.

पायरी ५: फिजिओथेरपिस्टकडे जाऊन काय मागायचं

"दहा दिवस मशीन लावून घेतलं, फरक नाही पडला," असं म्हणणारे खूप भेटतात. टेन्स आणि आयएफटी (विजेचा सौम्य प्रवाह), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी), शॉर्ट वेव्ह (आतवर जाणारी ऊब) या मशीननी दुखणं तेवढ्यापुरतं कमी होऊ शकतं, आणि त्यानंतर व्यायाम सोपा जातो इतकाच त्यांचा उपयोग. आकसलेलं आवरण करंटने सैल होत नाही. खरं काम हातांचं असतं: थेरपिस्ट दंडाचं हाड धरून सांध्याच्या आत लहान लहान सरकवण्या देतो, दुखऱ्या टप्प्यात अगदी हलक्या, नंतर खोल. हे घरी स्वतःला करता येत नाही.

पहिल्या भेटीत तुमच्या हालचाली कोनमापकाने मोजून लिहून ठेवल्या का, ते बघा. कोणत्या टप्प्यात आहे, घरी काय करायचं आणि पुन्हा कधी मोजणार, हे विचारा. मशीन लावून पडद्याआड सोडून देणारा आणि एकदाही हात उचलून न बघणारा दवाखाना असेल तर दुसरा शोधा. बीपीटी किंवा एमपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आणि राज्याच्या परिषदेकडची नोंदणी विचारण्यात गैर काही नाही. रोज जाणं परवडत नसेल, गावाहून येणं शक्य नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. घरी नियमित करणाऱ्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदाची भेटही उपयोगी पडते, नगरपालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या विभागातली असली तरी.

दुखणं फारच असेल तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. सुरुवातीच्या टप्प्यात त्याने काही आठवडे आराम पडतो आणि व्यायामाला वाट मिळते. मधुमेहींची साखर मात्र पुढचे काही दिवस वाढते, तेव्हा ती मोजत राहा आणि गोळ्या-इन्सुलिनबद्दल आधीच विचारून ठेवा. भूल देऊन सांधा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं हे पुढचे पर्याय. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात हे दोन्ही पर्याय आणि इंजेक्शनसह केलेली फिजिओथेरपी, यांच्यात वर्षअखेर रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. सहा महिने नीट व्यायाम करूनही भिंतीवरची रेघ वर सरकत नसेल, तर या पर्यायांबद्दल सर्जनशी बोला.

बरा झालेला खांदा पुन्हा आखडणं दुर्मीळ आहे. दुसरा मात्र पुढच्या काही वर्षांत आखडू शकतो, मधुमेहींचा जास्त. त्यामुळे महिन्यातून एकदा पहिल्या पायरीतली कोपर कमरेला टेकवून करायची चाचणी चांगल्या खांद्याचीही करा, आणि पंजा आधीपेक्षा कमी बाहेर जातोय असं दिसलं तर रात्रीचं दुखणं सुरू व्हायची वाट न बघता दाखवून घ्या.