मुलांसाठी गोव्याची बाराखडी घरीच करा

बाजारातल्या अक्षर-पुस्तकांत ज जिराफाचा आणि झ झेब्र्याचा. आपल्या अंगणात येणारा खंड्या त्यांत क्वचितच सापडतो. ते पुस्तक घरीच करता येतं, फाटत नाही, आणि खर्चही फारसा नाही.

1. फोटो ठेवायचा प्लास्टिक कप्प्यांचा जुना अल्बम घ्या. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कप्प्याच्या मापाने कापा.

2. अक्षरापासून सुरुवात करू नका, नाहीतर अ-आ वरच अडायला होतं. आधी वस्तूंची यादी करा: गवा (आपला राज्यप्राणी), शेकरू, भेकर, धनेश, खंड्या, घुमट (मडक्याला कातडं लावून केलेलं वाद्य), दशावतार, फेरीबोट, मांडवी नदी. मग अक्षरं वाटा. एका अक्षरावर दोन आली तर दोन्ही ठेवा, मुलांना तेच आवडतं.

3. ण आणि ळ साठी शब्द शोधत बसू नका. फणस, नारळ लिहा आणि तेवढं एक अक्षर लाल पेनाने रंगवा.

4. चित्र मुलालाच काढू द्या. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. एवढं दाखवलं की तो म्हशीपेक्षा वेगळा दिसतो.

एक काळजी घ्या. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं कातडं वापरतात. पानावर ‘बकरीचं कातडं’ असंच लिहा. सापडलेलं मोरपीस वगैरे चिकटवण्यापेक्षा तेही रंगवलेलंच बरं.

नवीन काही दिसलं की कार्ड बदला, अल्बम तोच राहतो.