अमेरिकेतला हरवलेला नातेवाईक काउंटीच्या दप्तरात शोधताय? या चुका टाळा

गावाकडची जमीन वाटायला काढली की सातबाऱ्यावरचं एखादं नाव हमखास अडतं. सगळे हिस्सेदार तालुक्याला हजर, हक्कसोडपत्राचा मसुदा तयार, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अहो, पण अण्णांच्या मधल्याचं काय?" मधला म्हणजे १९८०च्या दशकात अमेरिकेला गेलेला. पहिली काही वर्षं पत्रं, मग दिवाळीचा फोन, मग तोही नाही. अशा वेळी न्यू जर्सीत राहणाऱ्या कुणाच्या तरी भाच्याला फोन जातो, "तू तिथेच आहेस ना, बघ जरा." गेली काही वर्षं तो भाचा मी आहे.

शोध पुष्कळदा लागतो. अमेरिकेत घराची खरेदी, गहाणखत, मालमत्ता कर, दावे, मृत्युपत्र यांचे कागद काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, जमा होतात आणि त्यातले बरेचसे कुणालाही बघता येतात. आपलं चुकतं ते हे की आपण माणसाला शोधत बसतो. दप्तरात माणसं नसतात, कागद असतात. या गृहस्थांनी आयुष्यात कुठला कागद केला असेल आणि तो कुठल्या खिडकीवर गेला असेल, हे आधी ठरवायचं. नाव टाकायची वेळ त्यानंतर येते.

"डॅलसला होता" एवढ्यावर सुरुवात

देशात ३,१००हून अधिक काउंट्या आहेत आणि सगळ्यांचं मिळून एक दप्तर असा प्रकार नाही. डॅलस शहर एकटंच पाच काउंट्यांत पसरलंय. आपली माणसं सरसकट ज्याला डॅलस म्हणतात त्यातलं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन या दोन काउंट्यांत विभागलेलं. ह्यूस्टनचे म्हणून ओळखले जाणारे काका शुगर लँडला राहत असतील, तर हॅरिस काउंटीत दिवसभर शोधून हाती काही लागत नाही. शुगर लँड फोर्ट बेंड काउंटीत येतं. पत्त्यातलं शहराचं नाव हे पोस्टाच्या सोयीचं नाव असतं, हद्दीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. जुनं पाकीट, लग्नपत्रिका, कुठल्याशा मंडळाची स्मरणिका, जिथून मिळेल तिथून पूर्ण पत्ता मिळवा आणि तो कुठल्या काउंटीत पडतो ते नकाशावर पाहा.

न्यूयॉर्क शहरात तर नावांचीच फसगत आहे. मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन म्हणजे किंग्ज, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड. शहराच्या 'ॲक्रिस' या ऑनलाइन दप्तरात १९६६ पासूनचे मालमत्तेचे दस्त फुकट बघता येतात, पण स्टेटन आयलंडचे तिथे नाहीत; ते रिचमंड काउंटी क्लार्ककडे. बाल्टिमोर शहर आणि बाल्टिमोर काउंटी ही दोन स्वतंत्र दप्तरं. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, तेवढं कळलं की भागतं. कनेटिकटमध्ये मात्र काउंटी सरकारच १९६० साली बंद झालं आणि जमिनीचे कागद १६९ गावांच्या टाउन क्लार्ककडे असतात. काउंटीचं संकेतस्थळ सापडत नाही म्हणून तिथे डोकं आपटणारे लोक मी पाहिलेत. मीही त्यातलाच.

चुकीची खिडकी

साधारण हिशेब असा. रेकॉर्डर म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालय: खरेदीखत, गहाणखत, बोजा. असेसर म्हणजे घरपट्टी विभाग: मालक कोण, बिल कुठल्या पत्त्यावर जातं. न्यायालयाचा क्लार्क तिसरा: दाव्यांचे कागद. राज्य बदललं की पाट्या बदलतात. टेक्सासात मूल्यांकन अप्रेझल डिस्ट्रिक्ट करतं आणि मालकाच्या नावाने शोधायला सगळ्यात सोपी जागा तीच. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे चक्क दावा दाखल करायचं मूळ न्यायालय आहे. तिथे नाव दिसलं म्हणून काकांनी मोठा पराक्रम केला असं घरी कळवू नका, कंत्राटदाराशी साधा पैशाचा वाद असेल.

काही कागद काउंटीत नसतातच. दिवाळखोरीचं प्रकरण संघीय न्यायालयात चालतं आणि ते त्या न्यायालयांच्या 'पेसर' या ऑनलाइन दप्तरात बघायचं: पानाला १० सेंट, तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. कंपनीची नोंद राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. पण कॅलिफोर्नियात मोटेल किंवा किराणा दुकान एखाद्या टोपणनावाने चालवत असतील तर ते नाव काउंटी क्लार्ककडे नोंदवावं लागतं, दर पाच वर्षांनी पुन्हा, आणि त्यावर मालकाचं नाव-पत्ता असतो. हा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

नाव: इथेच सगळ्यात जास्त शोध मरतात

मराठी नाव तीन तुकड्यांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि स्वतःचं नि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. अमेरिकेत वडिलांचं नाव आधी 'मधलं नाव' होतं, मग त्याचं आद्याक्षर उरतं, मग तेही जातं. म्हणून आधी फक्त आडनाव आणि पहिल्या नावाचं पहिलं अक्षर टाकून पाहा, पूर्ण नाव टाकून नव्हे. उलटंही होतं: नोंद करणाऱ्याने वडिलांचं नावच आडनाव समजून चढवलेलं असतं. तेव्हा वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून एक फेरी मारायचीच. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं येतात. 'पहिलं नाव अज्ञात' एवढाच त्याचा अर्थ, पण ती अक्षरं पुढे वाहनपरवान्यापासून घराच्या कागदापर्यंत चिकटून राहू शकतात. ही तीन अक्षरं पहिल्या नावाच्या रकान्यात टाकून बघायला एक मिनिट लागतो.

मग स्पेलिंग. दीक्षित एक्स घालूनही लिहितात आणि के-एस-एच घालूनही. चौधरी किती प्रकारे लिहितात याची मोजदाद मी सोडून दिली. वाघ, वाघमारे, वैद्य यांचा व कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने, एकाच घरातले भाऊसुद्धा वेगवेगळा. काही ठिकाणी 'सारख्या उच्चाराची नावं दाखवा' अशी सोय असते, तिच्यावर विसंबू नका. त्यामागची जुनी साउंडेक्स पद्धत पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे डब्ल्यूचा वाघ शोधलात तर व्हीचा वाघ ती कधीच दाखवणार नाही. दोन वेगळे शोध घ्या आणि पहिली तीन-चार अक्षरं टाकून पुढे तारांकन (*) चालतं का ते पाहा.

आत्या किंवा मावशी शोधायची असेल तर काम दुप्पट. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधल्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आणि जुन्या पिढीत पहिलं नावही बदललेलं असतं. घरात सगळे तिला 'बेबी' म्हणतात आणि पासपोर्टवरचं नाव कुणालाच धड सांगता येत नाही, हे मी तीनदा अनुभवलंय. अशा वेळी नवऱ्याच्या नावाने शोधा. अमेरिकेतल्या खरेदीखतात बहुधा 'पती-पत्नी' असा उल्लेख करून दोघांची नावं असतात आणि नाव बदललं असेल तर 'पूर्वीचं नाव अमुक' असंही लिहिलेलं सापडतं. एवढ्या एका ओळीने पुढचा सगळा माग खुला होतो.

कागद सापडला, पण वाचता आला नाही

१९९४ सालचं खरेदीखत सापडलं की लोक उड्या मारतात आणि त्या घरावर पत्र टाकतात. घर केव्हाच विकलेलं असतं. दप्तराच्या सूचीला दोन बाजू असतात, देणारा आणि घेणारा. ग्रँटर आणि ग्रँटी. घेणाऱ्यांत नाव मिळालं की तेच नाव देणाऱ्यांत शोधायचं. तिथे नसेल तर घर अजून त्यांचं असण्याची शक्यता आहे.

देणाऱ्यांत सापडलं तरी विकलंच असं समजू नका. उतारवयात बरेच जण घर आपल्याच कौटुंबिक ट्रस्टच्या नावे करतात. कागद क्विटक्लेमचा, म्हणजे आपल्या हक्कसोडपत्रासारखा, असतो, घेणारा म्हणून 'अमुक फॅमिली ट्रस्टचे विश्वस्त' दिसतात, आणि ते विश्वस्त म्हणजे आपले काकाच. रक्कम नगण्य किंवा शून्य दिसली तर दस्ताची प्रत उघडून वाचा. फक्त सूची वाचणं ही घाईची चूक.

असेसरच्या नोंदीत दोन पत्ते असतात: मालमत्तेचा आणि बिल पाठवायचा. बहुतेकांची नजर पहिल्यावर थांबते. खरं मोल दुसऱ्याला. घर भाड्याने देऊन माणूस मुलाकडे राहायला गेला असेल तर करबिल मुलाच्या पत्त्यावर जातं. टेक्सास आणि फ्लोरिडात 'होमस्टेड' सवलत घेतलीय का हेही बघावं. ती स्वतः राहत्या घरालाच मिळते.

"दप्तरात नाही म्हणजे तिथे नाही"

अमेरिकेतली साधारण एक तृतीयांश कुटुंबं भाड्याने राहतात. भाडेकरूचं नाव खरेदीखतात येणार कुठून? मतदारयादीचंही तसंच. फ्लोरिडात ती बरीच खुली आहे, पण ग्रीनकार्डवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला राष्ट्रीय निवडणुकीत मत नाही, तो तिथे दिसणार नाही. लॉस एंजेलिस काउंटीच्या असेसरच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून घराची माहिती मिळते, मालकाचं नाव दिसत नाही. न्यू जर्सीत २०२० साली एका न्यायाधीशबाईंच्या मुलाचा त्यांच्या घरीच खून झाला, त्यानंतर 'डॅनियल्स लॉ' आला आणि न्यायाधीश, पोलीस वगैरेंचे घरचे पत्ते झाकले गेले. वाहनपरवान्याची माहिती मागायला तर जाऊच नका. १९८९ साली एका खासगी गुप्तहेराने तिथूनच एका अभिनेत्रीचा पत्ता काढला, तिचा खून झाला आणि १९९४ साली ती वाट संघीय कायद्याने बंद झाली.

ऐंशीच्या दशकात गेलेला माणूस आज साठी-सत्तरीच्या पुढे. अवघड वाटलं तरी प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र आणि वारसा यांच्या कारवाईचं, दप्तर पाहावं लागतं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये ते सांभाळणाऱ्याला सरोगेट म्हणतात, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स. माणूस गेला असेल तर या फाइलीत सहसा वारसांची नावं आणि पत्ते मिळतात, आणि वाटणीला तेच हवे असतात. सगळं ट्रस्टमध्ये असेल तर मात्र प्रोबेट झालेलंच नसतं. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या मृत्युसूचीत नाव नाही म्हणून माणूस हयात आहे असंही धरू नका: २०१४ पासून गेल्या तीन वर्षांतले मृत्यू सर्वसामान्यांना तिथे दाखवत नाहीत.

पैसे घेऊन 'पत्ता, फोन, नातेवाईक' देणाऱ्या संकेतस्थळांबद्दल थोडक्यात: पहिला धागा म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. तिथे दहा वर्षांपूर्वीचा पत्ता आजचा म्हणून दाखवतात आणि एका घरात कधीकाळी भाड्याने राहिलेले दोन अनोळखी लोक 'नातेवाईक' होऊन बसतात. भाडेकरू किंवा नोकर पारखायला ती माहिती वापरणं हा तिथे कायद्याचा भंगही ठरू शकतो.

आणि जोशी, पाटील, कुलकर्णी, शहा या मंडळींबाबत एक नियम मी स्वतःपुरता केलाय: नाव सोडून आणखी दोन गोष्टी जुळल्याशिवाय घरी कळवायचं नाही. बायकोचं नाव, जुना पत्ता, सहीचं वळण, काहीही. एकदा घाई केली, आणि एका भलत्याच कुलकर्ण्यांना सांगलीकडच्या तीन गुंठ्यांचा वारसा देऊ केला. ते भले गृहस्थ, म्हणाले, "आमचं मूळ गाव धारवाड, पण देत असाल तर बघतो."

सापडल्यानंतर

थेट दारात उभं राहू नका, शेजाऱ्यांना फोन करू नका, आणि पत्ता घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. माणूस हरवलेला असतो तसा स्वतःहून दूर गेलेलाही असतो. छळाला कंटाळून निघालेल्या बाईंचा पत्ता गुप्त ठेवायची योजना वॉशिंग्टन राज्याने १९९१ साली आणली, आता बऱ्याच राज्यांत आहे. दप्तरात घराऐवजी सरकारी टपालपेटीचा पत्ता दिसला तर तिथेच थांबायचं. एरवी एक साधं पत्र टाकावं: आपण कोण, काय काम, उत्तर द्यायचं की नाही ते तुमच्यावर. पत्र अमेरिकेतूनच टाकत असाल तर पाकिटावर 'रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड' असा शेरा मारा. माणूस हलला असेल आणि पोस्टाला नवा पत्ता माहीत असेल तर पाकीट त्या पत्त्यासह परत येतं.

होकार आला की कुलमुखत्यारपत्राची पाळी. न्यूयॉर्कमध्ये नोटरीपुढे सही झाल्यावर त्या नोटरीची सही प्रमाणित करून घ्यायला काउंटी क्लार्ककडे जावं लागतं आणि त्यानंतर राज्याकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. ही मुदत काकांना नव्हे, गावच्या मंडळींना बजावून सांगा. त्यांच्याच कपाटात तो कागद पडून राहतो.