वस्तीतला विनामूल्य गाण्याचा कार्यक्रम: बातमी घरोघर कशी पोहोचवायची

मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीत ‘प्रवेश विनामूल्य’ छापलं की माणसं येतील, असं धरून चालू नका. आधी प्रश्न येतात: कार्यक्रम कुणाचा? पक्षाचा आहे का? मागाहून वर्गणी मागणार का? हँडबिलात आधी याचीच उत्तरं द्या. मजकूर एवढा पुरतो:

‘कव्वाली आणि शाहिरी. रविवार, संध्याकाळी ६.३० ते ९. बालवाडीसमोरचं मैदान. पास नाही, वर्गणी नाही, भाषण नाही. व्हीलचेअर गिरणीच्या बाजूने थेट आत येते.’

मराठी, हिंदी आणि उर्दू, तिन्ही छापा. नेत्यांचे फोटो टाकू नका. एका फोटोने अर्धी वस्ती तुटते. नुसता क्यूआर कोडही नको. ज्यांच्या फोनवर डेटा नाही, त्यांच्यासाठीच तर हा कार्यक्रम आहे.

छापण्याआधी परवानगी हातात हवी. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची लेखी परवानगी लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तो रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवतीचं किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जागा ठरवतानाच तपासा. नंतर जागा बदलली तर हँडबिलं रद्दी होतात आणि लोकांचा विश्वासही जातो. तारीख ठरवताना परीक्षा, रमजान, मंडळांचे कार्यक्रम आणि पाणी येण्याची वेळ बघा. पाणी सहाला येत असेल तर साडेसहाला बायका घराबाहेर पडूच शकत नाहीत.

खरा प्रचार दारावर होतो. ४०० घरं असतील तर त्याच गल्ल्यांत राहणारे १० जण घ्या, प्रत्येकाला ४० घरं. संध्याकाळी सातनंतर, घरी माणूस असताना जा. पहिली फेरी आठ दिवस आधी, दुसरी आदल्या संध्याकाळी. दाराखालून हँडबिल सरकवून निघू नका. थांबा, काय गाणार ते सांगा. वाटलं तर एक ओळ गाऊनही दाखवा, हँडबिल न वाचणारेही थांबतात. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं मागून घ्या. पोस्टर रेशन दुकान, गिरणी आणि दवाखान्यात, मालकाला विचारून, आत लावा. भिंतीवर विनापरवाना चिकटवलं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा लागतो.

व्हॉट्सॲपवर ३० सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. वस्तीतल्याच, ओळखीच्या बाईच्या आवाजात असेल तर तो पुढे जातो. वाचता न येणाऱ्यांना आणि अंधांनाही तोच उपयोगी.

‘सर्वांसाठी खुला’ लिहिण्याआधी मोजायची टेप घेऊन मैदानात जा. ६ इंचांच्या पायरीला किमान ६ फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे १:१२. तिथे २ फुटांची फळी टाकली तर चाकाची खुर्ची मागे कलंडते. वाट ३ फूट मोकळी ठेवा, केबल त्यावरून आडवी नेऊ नका. चाकाच्या खुर्च्यांची जागा पुढे हवी, कारण मागून उभ्या माणसांच्या पाठीच दिसतात. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड टाका, आणि हे हँडबिलात जरूर लिहा. नाही तर ज्यांच्यासाठी सोय केली त्यांना कळतच नाही.

साउंड चेक पाचला करा. ढोलकीची थाप ऐकून पोरं धावत येतात आणि घरी जाऊन सांगतात. साडेसहाला पाच माणसं असली तरी पहिलं गाणं सुरू करा. पावसामुळे रद्द करावं लागलं तर दुपारी चारच्या आत त्याच आवाजात, त्याच ग्रुपवर निरोप द्या आणि त्याच १० जणांना पुन्हा दारोदारी पाठवा.